लोखंडी सालदार

"ताई, पडदा आधी इथं आंगणात उतरवू, का सिद्धा समाजमंदिरात नेऊ?"

तृप्तीने मान वर केली नाही. ती विळीवर वांगी चिरत होती. वांगं उभं धरायचं, फाका करायच्या, पाण्याच्या गंजात टाकायच्या. सकाळी तिने हे काम मागून घेतलं होतं, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नाही.

"ताई?"

"निकेशला विचार."

"निकेशभाऊनंच तुमच्याकडं धाडलं. म्हणे, ताईले विचार, तिच्या मर्जीनं होऊ दे."

आता तिने पाहिलं. कुलदीप मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. साकोलीला त्याचं मोबाइलचं दुकान होतं, घर सानगडीतच, दोन गल्ल्या सोडून. शर्टाच्या खिशाला त्याने काळी फीत टाचली होती. त्याच्या मागे टेम्पो, टेम्पोत गुंडाळलेला पडदा, दोन उभे स्पीकर आणि एक फ्लेक्स. फ्लेक्सवर तिचे वडील हसत होते. खाली लाल अक्षरं होती : 'सायन्स फिक्शन किंग कवडू काका'. त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, कुलदीपच्या चॅनलचं नाव.

"कशाचा पडदा?" तिने विचारलं.

"काकाच्या श्रद्धांजलीचा ना. जेवणं झाले का चार वाजता कार्यक्रम. 'लोखंडी सालदार' लावतो. पूर्ण पिच्चर, हिंदीत. एकदम क्लिअर प्रिंट भेटली." तो जरा पुढे झाला. "लोकायले एकदा खरी स्टोरी समजली पायजे ना, ताई. काका कसे सांगत, अन् पिच्चरमधी काय आहे. मज्जा येईल. म्हणजे, मज्जा नाही. आठवण."

तृप्तीने हातातलं वांगं चिरून संपवलं. मग विळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि काही न बोलता घराच्या मागच्या बाजूला गेली. तिथे तिचा भाऊ निकेश असणार होता.

कवडू धान करीत असे, गावातल्या साऱ्यांसारखं. तलावाखाली दोन बांध्या होत्या, त्यांत पावसाळी धान आणि त्याच ओलीवर नंतर लाखोरीची डाळ. पण सानगडीपासून अड्याळपर्यंत त्याला ओळखत ते धानामुळे नाही. दिवाळीनंतर मंडयांच्या जत्रा सुरू झाल्या की गावोगाव दंडारीचे खेळ, नाटकं, झगमग असायची, आणि त्यात एका बाजूला पोत्यांच्या आडोशाने केलेली एक छपरी. आत टीव्ही आणि व्हीसीआर, बाहेर जनरेटर. हा कवडूचा व्हिडिओ. हिंदी पिक्चरांच्या कॅसेटी दुसऱ्या व्हिडिओवाल्यांनी आधीच पळवलेल्या असत. नागपूरच्या कॅसेटवाल्याकडे धूळ खात पडलेले असत ते परदेशातले विज्ञानाचे पिक्चर. ते कोणीच नेत नसे, म्हणून कवडूला ते जवळजवळ फुकटात मिळत. त्यांतली भाषा गावाला येत नव्हती. कवडूलाही येत नव्हती. तो टीव्हीचा आवाज बंद करायचा, हातात बांबूची काडी घ्यायचा आणि पडद्याच्या बाजूला उभा राहून पिक्चर सांगायचा.

कॅसेटवरची नावं कोणाला वाचता येत नसत, म्हणून प्रत्येकाचं बारसं कवडूच करी. 'चंद्रावरची बोडी' हा सगळ्यात जुना. त्यात पांढऱ्या फुगीर कपड्यांतली माणसं चंद्र खोदत, आणि कवडू सांगे की ही दोन गावं आहेत, बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी आधी कोणाच्या बांधीत जाणार यावरून त्यांचं जमत नाही. 'काचेचं गाव' काळापांढरा होता. एका मोठ्या काचेच्या घुमटाखाली राहणारी माणसं त्यात होती. कवडूच्या मते त्यांना बाकीच्या पृथ्वीने वाळीत टाकलं होतं. बायका तो पिक्चर पाहून हळहळत, आणि कशासाठी टाकलं असेल वाळीत, यावर दुसऱ्या दिवशी तलावावर धुणं धुताना वाद होत. 'दिवेवाली' कोणालाच आवडत नसे. त्यात आभाळात एकटी राहून दिवा लावणारी एक बाई होती, आणि अर्धा पिक्चर ती नुसती खिडकीबाहेर पाहायची. मंडईच्या शेवटच्या दिवशी, लोक पांगल्यावर, कवडू तोच लावी. समोर चार पोरं आणि एखादा झिंगलेला म्हातारा असला तरी पूर्ण सांगे. त्यात बोलणं नव्हतंच, म्हणून त्याला बोलायला सगळ्यात जास्त जागा असे.

आणि 'लोखंडी सालदार'. तो लागला की बाहेरून फुकट बघणाऱ्यांपायी छपरीच्या पोत्यांना भोकं पडत. खाणीत पुरलेला एक लोखंडाचा माणूस सापडतो, खाणीचा मालक त्याला घरी आणून कामाला लावतो. कवडूने पहिल्यांदाच तो पाहिला तेव्हा लोखंडी माणूस पावसात अंगणात उभा होता आणि घरातली माणसं आत जेवत होती. कवडू म्हणाला, हा सालदार आहे, सालाच्या बोलीवर राबणारा गडी. ठरलं. एका वर्षी तर दंडारीत सुद्धा एक सोंग आलं, तेलाचे डबे अंगाला बांधून, आणि म्हणालं, "मालक, माझा साल भरला का जी?" सारी मंडई हसून आडवी झाली होती, आणि कवडू सगळ्यांत जास्त हसला होता.

तृप्ती या छपरीत मोठी झाली. मग शिकली, भंडाऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाली, आणि कधीतरी तिथल्या जाड इंग्रजी पुस्तकांमध्ये तिला ते सगळे पिक्चर भेटले. त्यांची खरी नावं, देश, साल. कोणते जगभर नावाजलेले आणि कोणते धड कोणी पाहिलेलेच नाहीत. लोखंडी माणूस मुळात शत्रूच्या ग्रहावरून आलेला हेर होता, हे तिला बरीच वर्षं ठाऊक होतं. ते वडिलांना जाऊन सांगावं असं तिला एकदाही वाटलं नाही. ज्याचं त्याच्यापाशी असतं.

घराच्या मागे बुंदीची कढई उतरली होती. निकेश आचाऱ्याला पैसे नंतर देतो म्हणून समजावत होता. त्याचं मुंडन केलेलं डोकं उन्हात चमकत होतं. सकाळीच सासरच्यांनी त्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकला होता, आता घराचा कर्ता तो. आचारी बाजूला जाईपर्यंत तृप्ती थांबली.

"त्याले हो म्हटलं तू?"

निकेशने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "पडदा, स्पीकर, फ्लेक्स, सगळा खर्च त्याचा आहे, ताई. गावातल्या लोकायलेही पाह्यचं आहे."

"त्याच्या मोबाइलवर बाबाचा तमाशा आहे. अजूनही आहे. सकाळी पाहिला मी."

"काढतो म्हणाला तो."

"आज आपण बाबाची तेरवी करून राहिलो. कधी काढते?"

निकेशने दुपट्ट्याने तोंड पुसलं. तमाशा म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी अड्याळच्या मंडईत पानठेल्यावर पोरांनी कवडूला आग्रह केला होता, काका, एकदा 'सालदार' सांगा ना. व्हिडिओची छपरी बंद पडून जमाना झाला होता. कवडू खुशीत आला. पानठेल्याच्या फळीला पडदा समजून, हातात काडी घेऊन, त्याने तो पूर्ण सांगितला. कुलदीपने मोबाइलवर घेतला. यंदाच्या उन्हाळ्यात कुलदीपला तोच पिक्चर हिंदीत सापडला आणि त्याने दोन्ही शेजारी शेजारी लावले. डावीकडे कवडू सांगतोय, उजवीकडे पिक्चर. कवडू चुकला की गाढवाचं ओरडणं. नाव दिलं, 'विदर्भाचा नंबर वन गप्पाड्या'. लाखो लोकांनी पाहिलं. मोहाडीला नात्यातल्या लग्नाला गेला होता कवडू, तर तिथे वाढणाऱ्या एका पोराने भाताचं भांडं खाली ठेवून विचारलं, "तुम्ही तेच ना, गप्पाड्या?" आणि सोबत फोटो काढून मागितला. हे तृप्तीला त्या लग्नाहून परतलेल्या बायकांनी सांगितलं होतं. हसत हसत.

एक गोष्ट मात्र तिला परवापर्यंत माहीत नव्हती. परवा निकेशची पोरगी टीना तिच्या मांडीवर डोकं ठेवून सहज म्हणाली होती, आजा आता गोष्ट नव्हता सांगत आत्या, म्हणे मोबाइलवर पाहा बाई, त्याच्यात खरी आहे.

"बाबाले ते दाखवलं कोणी?" तृप्तीने विचारलं.

निकेशने बुंदीच्या परातीवर कापड ओढलं.

"निकेश."

"मीच दाखवलं. काय करू मग? दुसऱ्या कोणी दाखवलंच असतं. मले वाटलं खूश होतील. म्हटलं, बाबा, तुम्ही मोबाइलवर आले, पाहा, किती लोकायनं पाह्यलं."

"मग?"

"मग काय. दोनदा पाह्यला त्यायनं. मग म्हणे, हे लोक कायले हासून राहिले? मी म्हटलं, बाबा, तुमची स्टोरी चुकली ना. तं म्हणे, खरी कोणती आहे ते लाव. लावून देली. खाटेवर बसून पूर्ण पाह्यली. चाय थंडी झाली तेवढ्यात. म्हणे, बरीच वेगळी आहे."

"अन्?"

"अन् काही नाही. बांधीवर गेले."

तृप्तीला हात कुठे ठेवावे ते कळेना. वांग्यांनी बोटं काळी पडली होती. तिने ती मुठीत मिटली. दहा-बारा वर्षं ती या भावाला पोराबाळांचा, घरचं सगळं पाहणारा, आपल्यासारखं गाव सोडून न गेलेला म्हणून मान देत आली होती. त्याने घर सांभाळलं, बाप सांभाळला, आणि मग एके दिवशी खाटेवर बसवून त्याच्या हातात ते दिलं. कौतुकाने.

"व्हिडिओनं नाही मेले बाबा," निकेश म्हणाला. "हार्ट होतं. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं."

"मी म्हटलं का काही?"

"तोंडावर दिसून राहिलं तुया."

"दिसू दे." ती म्हणाली. "तो पडदा परत धाड."

"आता नाही होत, ताई. गावात सांगून झालं. अन् तू उद्या जाशील भंडाऱ्याले. मले याच लोकायमधी राहाचं आहे. कुलदीप काही दुश्मन नाही आपला. मयतीत खांदा देला त्यानं."

हे खरं होतं. कुलदीपने खांदा दिला होता, आणि दवाखान्यातून गाडी आणायला तोच धावला होता. त्यामुळेच तृप्तीच्या अंगाचा भडका होत होता. तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. ज्या हाताने गाढव ओरडवलं त्याच हाताने तिरडी उचलली, आणि या दोहोंत काही विसंगत आहे असं त्याच्या मनालाही शिवलं नाही.

ती आत गेली. आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. सुलोचनाबाईंच्या भोवती बायका येऊन बसत, डोळे पुसत, उठून जात. त्या स्वतः तेरा दिवसांत फार रडल्या नव्हत्या, फार बोलल्याही नव्हत्या. तृप्तीने वाकून हळू विचारलं, "माय, कुलदीप पिच्चर लावून राहिला समाजमंदिरात. बाबाचा. तुले चालते का?"

सुलोचनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"गाव जेवू दे पहिले," त्या म्हणाल्या.

गाव जेवलं. वडे, कढी, वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. पंगतीवर पंगत उठली. तृप्ती कढी वाढत फिरली आणि लोकांच्या तोंडचे तुकडे तिच्या कानावर पडत राहिले. "कवडूभाऊ दिलदार माणूस, पण फेकत लय." "अरे, इंग्लिश पिच्चर अन् सालदार. कोठं काय." "आमी तेव्हा रडलो ना बे, मायबाई. आता पाहून घेऊ खरा." कोणी दुष्टाव्याने बोलत नव्हतं. जेवता जेवता माणसं मेलेल्याबद्दल जसं बोलतात तसंच बोलत होती. तिने प्रत्येकाच्या द्रोणात कढी वाढली. एकाच्या हातावर सांडली, पण तिने सॉरी म्हटलं नाही.

चार वाजता समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून झाल्या. आत काळोख आणि माणसांचा ऊबट वास. बाया डावीकडे, गडी उजवीकडे, पोरं पुढे जमिनीवर. पडद्याच्या बाजूला फ्लेक्स उभा केला होता आणि त्याला झेंडूचा हार. सुलोचनाबाईंना पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. त्यांच्या बाजूला शेजारची मालनबाई, कवडूच्याच वयाची, दात नसलेली, वर्षानुवर्षं प्रत्येक मंडईत छपरीच्या पहिल्या ओळीत बसणारी.

कुलदीपने माइक हातात घेतला. त्याच्या आवाजात खरंच गहिवर होता. "आपल्या सगळ्यायचे लाडके कवडू काका आज आपल्यात नाहीत. पण काका कुठं गेले नाहीत. काका व्हायरल आहेत." टाळ्या पडल्या. "आधी काकाचा आवाज ऐकू, अन् मंग ओरिजनल पिच्चर."

पडद्यावर पानठेला आला. कवडू आला. खादीचा मळकट शर्ट, हातात काडी. मागे वीररसाचं संगीत होतं, गाढव काढून टाकलेलं होतं, एवढी सुधारणा कुलदीपने केली होती. कवडू सांगत होता :

"आता पाहा बाप्पा, पाऊस लागून राहिला. तलाव भरला. पाळ फुटाच्या बेतात आहे. मालक घरात, मुनीम घरात, सगळे घरात. सालदार एकटा बाहेर. त्याले कोणी सांगितलं का, जा म्हणून? नाही. त्याचा साल भरला आहे. तो जाऊ शकते आपल्या घरी, त्या ताऱ्यावर. पण पाळ फुटली तं खालचं गाव जाते, अन् लहान पोट्टे जातेत. तं तो उतरते पाण्यात. छाती. गळा. डोकं. अन् पाळीच्या मोरीले आपलं अंग लावून देते..."

उजव्या कोपऱ्यात पिक्चरचा तुकडा चालू होता. त्यातले हिंदी आवाज अधूनमधून मोठे होत. "दुश्मन को डुबा दो! बाँध उड़ा दो!" आणि 'मोरीले अंग' येताच पोरं हसली. मग मोठीही हसली. मोबाइलवर ज्या ठिकाणी हसायची सवय झाली होती त्याच ठिकाणी, आणि त्याच बेताने. हसणं पसरत मागपर्यंत गेलं. निकेश दाराजवळ उभा होता, तोही थोडा हसला, मग त्याने खाली पाहिलं.

तृप्ती उठली. स्पीकरच्या मागे गेली. तिथे बऱ्याच वायरी होत्या. तिने त्यातली सगळ्यात जाड ओढली.

आवाज गेला. पडद्यावर कवडूचे ओठ हलत राहिले.

"ताई, वायर निघाली का?" कुलदीप म्हणाला.

"नाही. मी काढली."

कुलदीपने माइक खाली घेतला, पण माइकही बंदच होता. "काही चुकलं का, ताई?"

"पुढचा पिच्चर लाव."

"आवाज जोडू दे ना मंग."

"आवाज नाही. पिच्चर लाव नुसता."

"बिना आवाजाचा? लोकायले समजन कसं?"

"पहिले कसं समजत होतं?"

तो गोंधळून हसला. "पहिले काका सांगत ना." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडल्यासारखा चेहरा झाला आणि त्याने मोबाइल वर केला. "मंग तुम्ही सांगता का, ताई? बढिया होईल. काकाची पोरगी, काकाचा पिच्चर. मी रेकॉर्ड करतो."

मागून दोघंतिघं म्हणाले, "हव बाई, तू सांग. तुले इंग्लिशही येते." कोणीतरी कुठूनशी एक काडी सुद्धा पुढे केली.

तृप्तीने काडीकडे पाहिलं. ती घेतली असती तर तिला सांगता आलं असतं, प्रत्येक शब्द, वडिलांच्या चढउतारासकट. किंवा खरी कथा सांगता आली असती, दिग्दर्शकाच्या नावासह. दोन्ही गोष्टी उद्या सकाळपर्यंत कुलदीपच्या चॅनलवर असत्या. गप्पाड्याची पोरगी. लोकांनी पाहिलं असतं, रडणारा चेहरा पाठवला असता आणि पुढचं पाहायला गेले असते.

"मी नाही सांगत," ती म्हणाली. "सांगणारा माणूस होता. तो सांगत होता तेव्हा तुम्ही गाढव लावलं. आता कोणी नाही सांगणार. पाहाचा असन तं पाहा, नाही तं घरी जा."

तिचा आवाज चढला नव्हता. काळोखात तो सगळ्यांना पोचला.

"तमाशा नको करू, ताई," निकेश दारातून म्हणाला.

"तमाशा झाला. तो बंद करून राहिले मी."

"मी काकाले फेमस केलं ना पण," कुलदीप म्हणाला. आता त्याला लागलं होतं. "कोण ओळखत होतं त्यायले? लाखो लोकायनं पाह्यलं. तुम्ही शिकलेल्या, पुस्तकायमधी राह्यता, तुम्ही काय केलं त्यायच्यासाठी?"

"काहीच नाही. मी ऐकलं त्याचं." ती म्हणाली. "तू पिच्चर लावतो का मी पडदा काढू?"

मालनबाईने बोळकं तोंड पुसलं आणि बसल्या जागेवरून म्हणाली, "लाव ना रे पोट्ट्या. अन् आवाज नको जोडू. त्या हिंदीवाल्यायचं काय ऐकाचं आहे आपल्याले."

कुलदीपने पिक्चर लावला.

रंग उडालेला खाणीचा डोंगर आला. माणसं खोदत आली. लोखंडी हात मातीतून निघाला. समाजमंदिरात कोणी बोललं नाही. पोरांनी थोडी चुळबुळ केली, दोनचार उठून पळालीही. मोठी माणसं बसून राहिली, बहुतेक तरी. पावसात लोखंडी माणूस उभा होता आणि आतले लोक जेवत होते, आणि तृप्तीने पाहिलं की उजवीकडच्या काही म्हाताऱ्यांच्या माना पडद्याकडे नाहीत, पडद्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे वळल्या आहेत, आणि मग परत पडद्याकडे. सवयीने. कुलदीप मोबाइल धरून उभा होता, काही वेळाने त्याने तो खाली केला. घेण्यासारखं काही नव्हतं. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

तिचा राग गेला नव्हता. उलट या शांततेत तो तिला नीट दिसला. कुलदीपवर होता, निकेशवर होता, हसलेल्या एकेका तोंडावर होता, आणि वडिलांवरही होता. त्यांनी 'बरीच वेगळी आहे' म्हणून उठायला नको होतं. म्हणायला हवं होतं, असन वेगळी, माझी ही आहे. त्यांनी ते म्हटलं नाही. आयुष्यभर काळोखात काडी घेऊन उभा राहणारा माणूस, एका मोबाइलसमोर त्याने काडी खाली ठेवली, आणि तिला कळवलंही नाही.

शेवटचा भाग आला. बांध, वीज, पाऊस. माणसं धावली. लोखंडी माणूस पाण्याकडे वळला.

"तृप्ती," सुलोचनाबाई म्हणाल्या.

ती आईच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली. "काय, माय?"

"हेच काय ते पाणी?"

"हव."

सुलोचनाबाई पुढे झुकून बघत होत्या. पडद्यावरचं पाणी खरं तर फार नव्हतं. स्टुडिओतला हौद होता, कडा दिसत होत्या, लाटा कोणीतरी पाटीने हलवल्यासारख्या उठत होत्या. बांध पुठ्ठ्याचा होता. लोखंडी माणूस त्यात उतरला तेव्हा पाणी त्याच्या कमरेवर आलं, आणि पुढचं त्याला वाकून करावं लागलं.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या.

"तू पाह्यला नाही काय कधी?" तृप्तीने विचारलं. विचारतानाच तिला वाटलं, हा काय प्रश्न.

"मी कशी पाहीन? मी बाहेर राहो. तिकिटाच्या डब्ब्यावर. जनरेटर बंद पडला तं दोरी मारो. पोत्याच्या आडून ऐकू ये सगळं. एकही नाही पाह्यला मी. ते म्हणत, उद्या ये आत, उद्या ये. अन् मले वाटे, ऐकलं तं आहे."

पडद्यावर लोखंडी डोकं पाण्याखाली गेलं. चार बुडबुडे आले.

"किती मोठं पाणी सांगत ते," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आपल्या तलावाच्या दुप्पट. रात्री झोप नाही ये मले."

त्या उठल्या. तृप्तीला वाटलं आईला बाहेर जायचं आहे, म्हणून तिने हात पुढे केला. पण सुलोचनाबाई बाहेर गेल्या नाहीत. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, खुर्ची फरशीवर कर्रकर्र ओढत फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसल्या. मांडीवर तिकिटाचा डबा असावा तसे हात मांडीवर घेतले. मान किंचित एका बाजूला, कान मागे लागलेला.

मागे पिक्चर चालू होता. दारात निकेश उभा होता, आई त्याच्याकडे पाहते आहे की त्याच्यापलीकडे, ते त्याला कळलं नाही. तो दारातून बाजूला झाला.